सूचक, अनुमोदक

कलम एक. अर्जदार स्वतंत्र असावा.
म्हणजे विमा कंपनीचा पगार नको,
दावेदाराच्या दुकानात भागी नको,
कुठल्याच पक्षाशी सोयरीक नको.
सांगलीत, गावभागात राहून
सोयरीक नको म्हणजे नक्की काय,
हे नियम करणाऱ्यांना कुणीतरी
एकदा जेवायला बोलावून सांगायला हवं.
हरभट रोडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत
माझे तीन मावसदीर आहेत.

तरी लिहिते : होय.
पद्मजा मगदूम, सर्व्हेअर,
नुकसान मोजते, एकोणीस वर्षं.

कलम चार. केलेली तीन कामं थोडक्यात.

हरिपूरचं पेव. वरची माती कोरडी,
बघणाऱ्याला वाटावं काही झालंच नाही.
कंदील सोडला, अर्ध्यात विझला.
दोन दिवस तोंड उघडं ठेवून थांबलो.
मग बांबू घातला तर टोकाला
पिवळा चिखल, आणि वास असा
की गडी म्हणाला, बाई, कुणाचं तरी लगीन बुडालंय.
हे वाक्य अहवालात घेतलं नाही.

रतिलाल शहांचं कोल्ड स्टोरेज.
बेदाणा पाणी पिऊन फुगलेला,
पुन्हा द्राक्षं व्हायला निघाल्यासारखा.
माल एक कोटीचा, विमा बासष्ट लाखांचा.
सरासरीचं कलम लावलं.
तेव्हापासून शहा मला बघून
मोबाइल कानाला लावतात.

मिरजेचे मेहबूब शिकलगार, सतारी करतात.
वाळवून ठेवलेले बेचाळीस भोपळे
पाणी आल्यावर दाराबाहेर तरंगत गेले,
एकामागे एक, रांगेत, म्हणाले.
गेलेल्या मालाचा पुरावा काय, मी विचारलं.
त्यांनी भिंतीवरचे बेचाळीस खिळे दाखवले.
आठवड्याने फोन : मॅडम,
अकरा सापडले, उसात अडकलेले.
तेवढे वजा करा.

कलम सात. ज्या नुकसानीत स्वतःचा हितसंबंध आहे,
तिथे अर्जदाराने मोजमाप करू नये.
त्या ऑगस्टात मी एकशे बारा भिंतींवरच्या
पाण्याच्या रेघा मोजल्या.
एकशे तेरावी माझ्या स्वयंपाकघरात होती,
कडधान्याच्या डब्यांच्या फळीवर, चवळी आणि मटकीच्या मधे.
तिथे टेप लावला नाही.
नंतर रंग दिला. पावसाळ्यात ती अजून उमटते.

कलम नऊ. स्वीकारलेल्या भेटवस्तू, किमतीसह.
चहा, अंदाजे दोन हजार कप.
भडंग, एक पुडा, नको म्हणताना गाडीच्या डिकीत सापडला,
पंचेचाळीस रुपये, मनिऑर्डरने परत.
मनिऑर्डरचा खर्च माझा.
हेही लिहावं का, कळेना. लिहिलं.

कलम अकराशी अडले.
सूचक आणि अनुमोदक, दोघेही सदस्य हवेत.
सर्वांत जवळचा सदस्य दुबईत.
खाली बारीक अक्षरात : सदस्य नसल्यास
ज्यांचे दावे अर्जदाराने तपासले
अशा दोन विमाधारकांची पत्रं चालतील.

शिकलगारांनी लगेच दिलं, उर्दू वळणाच्या मराठीत,
पत्राला लाखेचा वास.

दुसरं नाव रात्रभर शोधलं.
ज्यांचे दावे पूर्ण मंजूर झाले ते सगळे
मला देवमाणूस म्हणतात.
त्यांच्या पत्राची किंमत किती धरायची?
घसारा लावून?

सकाळी स्कूटर काढली, मार्केट यार्ड गाठलं.
शहा गादीवर. मोबाइल कानाला.
मी उभी राहिले.
फोनवर कुणी नव्हतंच, तेही कंटाळले.
अर्ज दोन्ही बाजूंनी वाचला,
चष्मा पुसून बारीक अक्षरंही वाचली,
पॉलिसी घेताना वाचायला हवी होती तशी.

मग म्हणाले, लिहितो.
पण जे झालं तेच लिहीन.
अडतीस टक्के कापले, तेही लिहीन.

तेच लिहा, म्हटलं.

पोऱ्याला त्यांनी चहा सांगितला.
दोन हजार एक.